जिजाचं वजन

गोजाबाईची नात जिजा गोवरातून उठली आणि पुढच्या महिन्याभरात अशी काही भरून आली, की पाड्यावरच्या बायका तिला बघायला मुद्दाम ओटीवर येऊ लागल्या. गाल टम्म, हातापायाची बोटं गुबगुबीत, आणि पायातले वाळे इतके घट्ट झाले की गोजाबाईनं दोनदा ते ओढून रुंद केले. वाळे रुंद करताना तिला जो आनंद व्हायचा तो तिच्या चेहऱ्यावर मावत नसे.

"खायला घालायला हात लागतो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "नुसतं रांधून काय होतं?"

तिचं तरी काय चुकत होतं? आषाढात गोवर आला तेव्हा जिजा राहते की जाते असं झालं होतं. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, पोट वाहायचं थांबेना. त्याच दिवसांत सून गौरा बाळंत झाली. मुलगा झाला, आणि दोन वर्षांच्या जिजाचं आईचं दूध तुटलं. गोजाबाईचा मुलगा जिवा, जिजाचा बाप, लावणीत गुंतलेला. तेव्हा जिजा आली ती थेट आजीच्या मांडीवर. गोजाबाई तिला दिवसातून तीनदा भाताची पेज पाजायची. पेजेत मिठाचा खडा, आणि कधी मिळाली तर वरून नागलीच्या भाकरीचा कुस्करा. घरात दुसरं होतं काय? जुना भात संपत आलेला, नवा अजून शेतात हिरवा उभा. तरीही श्रावणात जिजा फुगायला लागली, आणि गोजाबाईला वाटलं, आपल्या पेजेला यश आलं.

गौरा मात्र अधूनमधून काहीतरी बोलायची.

"आये, ही हसत नाय."

"गोवरातून उठलंय पोर. दमलंय."

"खात पण नाय धड. घास तोंडात घेऊन बसते."

"खात नाय, तर एवढी भरली कशावर? वाऱ्यावर?" गोजाबाई सुनेकडे बघून हात उडवायची. "चार पोरं काढली मी या हातानं. मना नको शिकवू."

धाकट्याला पदराखाली घेऊन गौरा जिजाकडे बघत राहायची. जिजा कुडाला टेकून बसलेली असायची. माशी नाकावर बसली तरी हाकलायची नाही. तिचे काळेभोर केस आता मक्याच्या तुऱ्यासारखे तांबूस झाले होते आणि पोटऱ्यांवरची कातडी जुन्या रंगासारखी सुटत होती. पण गोवरानंतर कातडी सुटतेच, आणि केसांना तेल होतं कुठं?

ओटीवर सगळ्यांना वाट होती, फक्त शेजारच्या सुकीला नव्हती. सुकी गोजाबाईच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यावर आलेल्या. गोजाबाईचा थोरला मुलगा रघ्या, जिवाच्या आधीचा, लहानपणीच गेला. जायच्या आदल्या दिवशी सुकी त्याला बघून म्हणाली होती, "काय गं गोजा, भोपळाच झालाय नुसता!" आणि दुसऱ्या दिवशी पोर गेलं. तेव्हापासून गोजाबाई सुकीशी बोलली नव्हती. विहिरीवर सुकी आली की ही हंडा तसाच उचलून मागं सरायची. जिजा भरून आल्यापासून तर तिनं नातीच्या गालाला, कपाळाला आणि तळपायालाही काजळ लावायला सुरुवात केली होती. एकदा सुकी कुंपणापलीकडून नुसती थांबून बघत होती तर गोजाबाई ओरडली, "रस्ता तिकडं हाय गं, डोळे फुटलेत काय?"

सुकी वाटेला लागली. तिला सवय झाली होती.

अंगणवाडीच्या पुष्पलताबाई महिन्याला मुलांची वजनं घ्यायच्या. आढ्याला काटा टांगायचा, त्याला कापडाची झोळी, झोळीत पोर. पोर रडायचं, झोळी गोल फिरायची, आणि बाई मान तिरकी करून आकडा वाचायच्या. त्या पावसात पाड्यावरची बहुतेक पोरं तक्त्यावर खालच्या रेघेवरच होती. एकटी जिजा वर होती, थेट साडेनऊ किलो. शिवाय झोळीत ती रडलीही नाही. शहाण्यासारखी गप्प लटकत राहिली.

पुष्पलताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी काटा पुन्हा एकदा बघितला. "गोजाआजी, मोखाड्याला सुदृढ बालक स्पर्धा आहे. ठाण्याकडचं एक मंडळ येणार आहे. आपल्या पाड्याचा नंबर कधी लागला नाही हो. जिजाला नेऊया."

"बक्षीस काय देतात?"

"स्टीलचा डबा. आणि लाउडस्पीकरवर नाव घेतात."

डब्यापेक्षा नावाचंच गोजाबाईला जास्त वाटलं. सारा बाजार ऐकेल. सुकीही ऐकेल.

बाजाराच्या दिवशी पुष्पलताबाई, गोजाबाई आणि जिजा जीपमध्ये कोंबून मोखाड्याला आल्या. गौराला तान्ह्याला घेऊन पावसात येणं जमलं नाही. तिनं जिजाला एकुलता एक चांगला फ्रॉक घातला, लांब बाह्यांचा, आणि निघताना तिचा गाल हातानं चाचपून बघितला. गालावर तिच्या बोटांची जागा क्षणभर दिसत राहिली. पण जीपवाला हॉर्न मारत होता.

मंडप बाजाराच्या कडेला होता. वर ताडपत्री, तिच्यावर पाण्याचे फुगे धरलेले, एक माणूस काठीनं ते खालून ढकलत होता. समोर टेबल, टेबलावर डबे रचलेले. मंडळाचे सचिव टोपी घालून लाउडस्पीकरसमोर बसले होते आणि "हॅलो, हॅलो" करून बाजारातल्या कोंबड्या घाबरवत होते. एका बाजूला मोठा तराजू. दुसऱ्या बाजूला जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर रोहिणी. मंडळानं त्यांना तपासायला बोलावलं होतं. त्यांच्यापुढं एक रंगीत पट्टी आणि एक विचित्र चिमटा होता.

वजनात जिजानं सगळ्यांना मागं टाकलं. काटा घेणाऱ्या मुलीनं आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा मंडपात "ओहो" झालं. गोजाबाईनं पदर सावरला आणि कोण कोण बघतंय ते बघून घेतलं.

"आता डॉक्टरांकडे," मुलगी म्हणाली.

"तिथं कशाला?" सचिव टेबलावरूनच म्हणाले. "वजन झालं की झालं. डॉक्टर, मला संध्याकाळच्या आत ठाण्याचा रस्ता धरायचाय."

"पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "वजन म्हणजे नुसता आकडा. आत काय भरलंय ते बघायला नको?"

गोजाबाई चिमट्याकडं संशयानं बघत होती. "हा काय खेकडा आणलास, बाय?"

मागच्या बायका हसल्या. डॉक्टरही हसल्या. "चावत नाही. कातडीखाली चरबीचा थर असतो, तो यानं मोजतात. घरातल्या भाताच्या कणगीसारखा असतो तो थर. खायला कमी पडलं की अंग आधी त्या कणगीतलं काढून खातं. कणगी किती भरलीय ते हा खेकडा सांगतो."

"आधी माझी बघ. पोरीला मागनं."

गोजाबाईनं चोळीची बाही वर केली. डॉक्टरांनी दंडाच्या मागची कातडी दोन बोटांत धरली आणि चिमटा लावला. चिमट्याची तोंडं जवळजवळ एकमेकांना टेकली.

"आजी, कणगी रिकामी आहे हो. नुसती कातडी आली."

"मग काय म्हस येणार?" गोजाबाई म्हणाली, आणि मंडपात हशा पिकला. "माझं राहू दे गं. मी वाळलेलं लाकूड. माझ्या कणगीतलं सगळं हिच्यात गेलं, बघ ना गाल!"

डॉक्टर जिजाकडं वळल्या. वळल्या आणि त्यांचं हसणं थांबलं.

त्यांनी जिजाच्या डोळ्यांपुढं बोट हलवलं. जिजानं बोटाकडं बघितलं, पण बघायचं म्हणून बघितलं. त्यांनी तिचे केस बोटांत धरले, ते सहज हातात आले. मग त्यांनी फ्रॉकची बाही वर सारली.

गोजाबाईनं रोज या पोरीला न्हाऊ घातलं होतं. पण तिची नजर नेहमी गालावर, मनगटावर, पावलांवर जायची. आता डॉक्टरांनी बाही वर धरल्यामुळं तिला नुसता दंड दिसला. मनगट फुगलेलं, आणि वर दंड काठीसारखा. डॉक्टरांनी रंगीत पट्टी त्या दंडाभोवती फिरवली आणि ओढली. ओढताना हिरवा रंग गेला, पिवळा गेला, आणि पट्टी लालवर थांबली.

"उलटी धरलीस काय?" गोजाबाई म्हणाली.

डॉक्टर खाली बसल्या, जिजाच्या पायातला वाळा हळूहळू फिरवत काढला. वाळा निघाला तरी घोट्याभोवती त्याची खाच तशीच राहिली, जशी ओल्या मातीत चाकोरी राहते. मग त्यांनी पावलावर अंगठा ठेवला, थोडा वेळ दाबून धरला आणि उचलला.

अंगठ्याच्या जागी खड्डा होता.

गोजाबाई तो भरायची वाट बघत राहिली. दाबलेलं अंग वर येतंच, सगळ्यांचं येतं. तो वर आला नाही. वाटीसारखा तसाच राहिला, आणि जिजा स्वतःच्या पायाकडं अशी बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय होता.

"काय केलंस पोरीला?" गोजाबाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मी काही केलं नाही, आजी. तुम्हीच दाबून बघा. दुसऱ्या पायावर."

तिनं दाबलं. तिच्या अंगठ्याचा खड्डा पडला. तिनं घाईघाईनं त्यावरून हात फिरवला, बुजवायला, पण खड्डा राहिला.

त्याच वेळी लाउडस्पीकर खरखरला. "प्रथम क्रमांक! कुमारी जिजा जिवा भोये! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

मंडपात टाळ्या झाल्या. बाजारातूनही कुणीतरी शिट्टी मारली. सचिव हार घेऊन उठले, दोन पावलं आले, आणि डॉक्टर हात वर करून उभ्या आहेत हे बघून थबकले.

"ही सगळ्यात सुदृढ नाही," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण टाळ्या थांबल्या. "या मंडपात सगळ्यात आजारी पोर हेच आहे. माझी जीप आणायला सांगा."

पुष्पलताबाईंनी तोंडावर हात धरला. सचिवांच्या हातात हार तसाच राहिला.

गोजाबाईला राग आला. भीती वाटली की तिला रागच यायचा. "साडेनऊ किलो हाय! तुमच्याच काट्यावर! काटा खोटा की मी खोटी?"

"काटा खरा आहे. पण काटा मांस, हाड आणि पाणी वेगळं करून सांगत नाही." डॉक्टर तिच्या शेजारी खाली बसल्या. घाई होती तरी त्या बसल्या. "आजी, तुम्ही बाजारात मोळी विकता?"

"विकते."

"पावसात भिजलेली मोळी काट्यावर कशी लागते?"

"जड लागते." गोजाबाई फणकारली. "पण ओली मोळी मी विकत नाय, कुणाला पण विचार."

"पण जड का लागते? लाकूड वाढतं का?"

गोजाबाईनं जिजाच्या गालाकडं बघितलं. मग पावलाकडं. खड्डा अजून होता.

"पाणी?" ती म्हणाली. "पोरीच्या अंगात पाणी?"

"हो. गोवरानं आणि पोटानं अंगातलं मांस गेलं. नुसत्या पेजेनं ते परत आलं नाही. मांस गेल्यावर पाणी आपल्या जागी थांबत नाही, अंगात साठतं. गेलेल्या मांसाच्या जागी पाणी भरलं. काट्याला काही कळलं नाही."

जव्हारपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यात गोजाबाई डॉक्टरांच्या जीपमध्ये मागं बसली होती. जिजा तिच्या मांडीवर होती, नेहमीसारखी जड. ते जडपण पहिल्यांदाच तिला नकोसं झालं. मांडीवर पाण्याची पखाल ठेवल्यासारखं वाटत होतं.

दवाखान्यात तिला वाटलं होतं, आता पोरीला भरपूर दूध देतील, अंडी देतील. दिलं काय, तर चमच्या-चमच्यानं पातळ दूध, दर काही तासांनी. वाटीभरही नाही.

"एवढ्यानं चिमणी जगेल," ती सिस्टरला म्हणाली.

"एकदम दिलं तर हिचं काळीज थकेल, आजी. आत सगळं दमलंय. आधी जरा सावरू दे."

आणि मग रोज सकाळी वजन. पहिल्या सकाळी काटा खाली आला. दुसऱ्या सकाळी आणखी खाली. गोजाबाईनं तर तो आकडा वाचायला शिकून घेतला होता, निदान काटा कुठल्या बाजूला सरकतो ते तरी तिला कळायचं. तिसऱ्या सकाळी जिजाचे डोळे उघडे झाले. फुगलेल्या पापण्यांच्या आत इतके मोठे डोळे होते हे आजी विसरलीच होती. पण डोळ्यांबरोबर गालाची हाडंही बाहेर आली. छातीच्या फासळ्या सुपाच्या काड्यांसारख्या मोजता येऊ लागल्या. आजीच्या डोळ्यांदेखत नात विरघळत चालली होती.

त्या दिवशी डॉक्टर आल्या तेव्हा ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"माझी पोर आणली तेव्हा पोरीसारखी दिसत होती. तुम्ही तिला सोलताय. औषध देताय की काय देताय? मी नेते तिला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जिजाचा पाय पुढं घेतला. "आजी, काल खड्डा कुठपर्यंत पडत होता?"

"...गुडघ्यापर्यंत."

"आज बघा."

गोजाबाईनं गुडघ्याखाली दाबलं. कातडी लगेच वर आली. पोटरीवर दाबलं, तिथंही. घोट्यापाशी मात्र खड्डा पडला, पण उथळ.

"मांस जात नाहीय. ते तर आधीच गेलं होतं, फक्त दिसत नव्हतं. जातंय ते पाणी. पाणी सगळं गेलं की काटा थांबेल. मग तो वर चढेल तेव्हा खरा चढेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "वचन देत नाही मी. पोर अजून धोक्यात आहे. पण नेलंत, तर वाचायची नाही."

गोजाबाई बाजूला झाली. पण तिचं मन बाजूला झालं नव्हतं. डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि न दिसणारं खरं, हे कसं मानायचं? साठीला आलेल्या बाईनं आयुष्यभर पोरांकडं बघून ओळखलं होतं, कोण बरं आणि कोण आजारी. भरलेलं ते बरं, वाळलेलं ते आजारी. याहून सोपं काय असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिवा आला. अंगावर प्लास्टिकचा कागद, काखेत भाकरीचं फडकं. खाटेजवळ येऊन तो शेजारच्या खाटेकडं बघू लागला.

"तिकडं काय बघतोस? इथं हाय," गोजाबाई म्हणाली.

जिवानं जिजाकडं बघितलं. तो मटकन खाटेच्या कडेला बसला. "ही? आये, ही जिजा?"

"हीच."

"काय झालं हिचं? मी गेल्या बाजाराच्या दिवशी खांद्यावर घेतली तेव्हा खांदा भरला होता माझा!" त्याचा आवाज फाटला. "चल. आत्ताच्या आत्ता चल. जीप बाहेर उभी हाय. भगतानं सांगितलंय, नजरेचं हाय. उतरवून देतो म्हणाला."

"कुणाची नजर?"

"कुणाची म्हणजे? सुकीची. सगळा पाडा म्हणतोय. रघ्यादादाला पण तिनंच खाल्लं. तूच नाय का सांगायचीस? जायच्या आधी कसा भोपळ्यासारखा झाला होता, लोण्यासारखं अंग होतं, तेल लावताना बोटं रुतायची तुझी..."

जिवा बोलत होता. गोजाबाई ऐकत नव्हती.

बोटं रुतायची. हे ती स्वतःच किती वेळा बोलली होती. मोठ्या अभिमानानं बोलली होती. रघ्याला पायांवर पालथा घालून ती तेल चोळायची, आणि त्याच्या पोटऱ्यांवर तिच्या बोटांचे ठसे उमटायचे. उमटायचे आणि राहायचे. तिनं सासूला हाक मारून दाखवलं होतं. "बघा, किती मऊ झालाय! माझी बोटं रुतून बसतात!" सासूही कौतुकानं हसली होती. त्या वर्षी धाकटा जिवा नुकताच झाला होता. रघ्याचं दूध तुटलं होतं. रघ्याही कुडाला टेकून बसायचा, शहाण्यासारखा. माशी हाकलायचा नाही.

तिनं खाटेचा लोखंडी पाय धरला. तीस वर्षं ती ज्याला मांस म्हणत होती ते पाणी होतं. पोर तिच्या मांडीवर बुडत होतं आणि ती त्याला तेल लावत होती. आणि कुणाला तरी दोष द्यायचा म्हणून तिनं सुकीला दिला. सुकी फक्त जे दिसलं ते बोलली होती. तेच तर सगळ्यांना दिसत होतं.

"आये? काय झालं? आये!"

"सुकीचं नाव नको घेऊ," ती म्हणाली. "पुन्यांदा नको घेऊ. आणि त्या भगताला सांग, त्यानं आपली कोंबडी आपल्याच घरी खावी. पोर इथं राहणार."

"आये, हिच्यात काय राहिलंय? मेली तर?"

गोजाबाईला खोटं बोलायचं नव्हतं. "मेली तर इथं मरेल," ती शेवटी म्हणाली. "डाक्टरीनबाय बघत असताना मरेल. माझ्या मांडीवर भोपळा म्हणून मरायची नाय. एक गेलं तसं."

जिवा तिच्याकडं बघत राहिला. आईच्या तोंडून रघ्याबद्दल हे असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं त्याचा हात धरला, जिजाच्या पावलावर ठेवला आणि म्हणाली, "दाब." त्यानं दाबलं. "आता वर आलं?" आलं. "मोखाड्याला नव्हतं आलं. रघ्याचं पण येत नव्हतं." मग तिनं त्याला सगळं सांगितलं, मोळीचं, पाण्याचं, काट्याचं, हळूहळू, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही. सांगता सांगता तिलाच ते अधिक कळत गेलं.

जिवानं डोळे पुसले, आणि काहीतरी करायचं म्हणून फडकं सोडलं. नागलीची भाकरी आणि कोरड्या मिरचीची चटणी. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून आईला दिला.

तेवढ्यात खाटेवर काहीतरी हललं.

जिजानं मान वळवली होती. ते मोठे डोळे भाकरीवर होते. बघायचं म्हणून बघणारे नव्हते ते. तिनं हात उचलला. हात काडीसारखा, आणि तो हवेत थरथरत होता, पण तो भाकरीकडं निघाला होता. महिनाभरात या पोरीनं कशाकडं हात केला नव्हता.

"मना," जिजा म्हणाली. "मना दे."

जिवानं भाकरी पुढं केली. गोजाबाईनं त्याचं मनगट पकडलं.

"थांब. आधी सिस्टरला विचार."

"अगं, पोर मागतंय!"

"मागतंय म्हणूनच. विचार जा. पळ."

जिवा धावत गेला. डोळ्यांपुढची भाकरी दूर जाताना बघून जिजाचं तोंड वाकडं झालं, आणि तिनं भोकाड पसरलं. बारीक, चिरका आवाज, पण सगळ्या वॉर्डात गेला. तिनं पाय झाडले. आजीच्या हाताला ढकललं. चमच्यातलं दूध घेऊन सिस्टर येईपर्यंत ती थांबेना.

सिस्टरनं बघितलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. "ही रडतेय?" तिनं विचारलं, आणि मग डॉक्टरांना हाक मारायला वळली.

"जिवा," गोजाबाईनं दारातून आत येणाऱ्या मुलाला सांगितलं, "उद्या गौराला घेऊन ये. तान्ह्याला पण. दोघांचे दंड मोजायचेत. ती बोलत होती, मी ऐकलं नाय."

"उद्या? चिखल किती झालाय वाटेत..."

"चिखल असू दे."

जिजा रडतच होती. पलीकडच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, "अगं म्हातारे, गप कर की तिला! झोपू दे लोकांना!"

गोजाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग नातीकडं बघितलं. आणि गप केलं नाही.